बाटलीतल्या भाताचा हंगाम

दसरा जवळ आला की माझ्या अंगाला खाज सुटते. खरीखुरी खाज, मानेपासून कोपरापर्यंत. डॉक्टरांनी ॲलर्जीच्या गोळ्या लिहून दिल्या, आई म्हणते दृष्ट लागली, आणि ऐरोलीच्या ऑफिसात शेजारी बसणारी मुलगी म्हणते की एसीचा फिल्टर साफ केलेला नाही. मला मात्र कारण ठाऊक आहे. नेरूळ स्टेशनाबाहेर झेंडूचे ढीग लागतात, त्यांच्या बाजूला आंब्याचे टहाळे येतात, आणि मग एखादी बाई ओल्या गोणपाटावर भाताच्या लोंब्यांच्या जुड्या मांडून बसते. ती जुडी दिसली की माझा हात आपोआप मानेकडे जातो. लोक तिथं थांबून कौतुकानं फोटो काढतात. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथनं घरी जाते.

आमच्याकडे त्या जुडीला ‘नवं’ म्हणतात. नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं, कुरडूची फुलं आणि झेंडू असं सगळं सुतळीनं एकत्र गुंडाळायचं आणि दसऱ्याला दाराला बांधायचं. नुसतं दारालाच नाही. पूर्वी नांगराला, कोयत्याला, होडीला बांधत. आता नांगर आणि होडी राहिली नाही म्हणून रिक्षाला, स्कूटरला, पाण्याच्या पंपाला बांधतात. ज्याच्या जिवावर घर चालतं त्याला नवं बांधायचं, इतकं ते सरळ आहे. एकदा बांधलं की काढायचं नाही. ते वाळतं, धूळ खातं, त्यातले दाणे चिमण्या नेतात, तरी पुढच्या दसऱ्यापर्यंत ते तिथंच लोंबत राहतं. माझ्या बाबांनी एकदा आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टलाही नवं बांधलं होतं आणि ते दारात अडकून लिफ्ट बंद पडली, तेव्हाही त्यांनी नवं काढू दिलं नाही. लोक जिन्यानं गेले.

आम्ही नेरूळ गावातले. सेक्टरांचं नेरूळ वेगळं, आमचं गावठाण वेगळं. आजोबांच्या काळात इथं भाताची खाचरं होती, पलीकडे मिठागरं होती. आता आमच्या घराच्या जागी बाबांनी उभी केलेली बिल्डिंग आहे, खालच्या मजल्यांवर भाडेकरू आहेत आणि वरच्या मजल्यावर आम्ही. बाबांनी लहानपणी गुडघाभर चिखलात लावणी केली, तरुणपणी ती जमीन शहराखाली जाताना पाहिली, आणि मग आयुष्यभर एकच हट्ट धरला की पोरीच्या पायाला चिखल लागता कामा नये. म्हणून बी.एस्सी. झाल्यावर मी जेव्हा सांगितलं की कृषी जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करणार आहे, तेव्हा त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. आमच्या घरात ही फार मोठी गोष्ट असते.

“म्हंजे शेतीच ना?”

“शेती नाही हो बाबा. बायोटेक्नॉलॉजी.”

“पन शेतीची?”

“हो. शेतीची.”

“शेती सुटावी म्हनून तुला शिकवली बाय. आन तू शिकून शिकून परत शेतीवरच आलीस?”

  बाबा निदान सरळ बोलले. बाकीच्यांनी जो छळ मांडला त्याची सर कशालाच नाही. ज्या दिवशी ॲडमिशन झाली त्या दिवसापासून आमच्या ओळखीतली एकूण एक तुळस मरायला टेकली. काकूचा कढीपत्ता वाढत नव्हता, आत्याच्या जास्वंदीवर पांढरा मावा पडला होता, तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंचं मनीप्लँट पिवळं पडत होतं, आणि हे सगळे मला फोनवर फोटो पाठवत होते. ‘तुझ्याच लाईनचं आहे ना?’ मी समजावून सांगायचे की मी पेशींवर काम करते, कुंड्यांवर नाही. त्यावर पलीकडून यायचं, ‘मग एवढं शिकून फायदा काय?’ एका स्थळाकडच्या बाईंनी तर काळजीनं विचारलं, ‘मुलगी शेतकी शिकतेय, म्हणजे लग्नानंतर गावाला राहणार का?’ आई म्हणाली, गावालाच राहतो आम्ही, नेरूळ गावात. ते स्थळ पुन्हा आलं नाही.

आणि ज्या शेतीवरून एवढा गहजब, ती शेती आमच्या कॉलेजात औषधालाही नव्हती. आमचा विभाग चौथ्या मजल्यावर. खिडकीतून पामबीच रोड दिसायचा आणि त्यापलीकडे खाडी. जमीन कुठंच नाही. अख्ख्या इमारतीत माती होती ती लिफ्टजवळच्या एका कुंडीत, आणि तिच्यात लावलेलं झाड प्लॅस्टिकचं होतं. आम्ही कृषी विषयाच्या पदव्युत्तर विद्यार्थिनी, पायात मोजे घालून, तोंडाला मास्क लावून, काचेच्या कपाटासमोर बसून चिमट्यानं भाताचा एकेक दाणा उचलत असू. दुसऱ्या वर्षाला प्रकल्प आला तेव्हा मला वाटलं, आता तरी काहीतरी खरं हाताला लागेल.

माझा मामा उरणजवळ खारात भात लावायचा. खार म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली जमीन. बांध कितीही राखला तरी भरतीचं पाणी कुठून ना कुठून आत शिरतं, माती खारट होते, आणि तिथं बाजारातलं कुठलंही बियाणं आठवडाभरात करपून जातं. तिथं फक्त राता टिकतो. लाल तांदळाचा, जाड, शहरी लोक तोंड वाकडं करतील असा भात, पण पाणी खारं झालं तरी हा उभा राहतो. मी ठरवलं की हाच भात घ्यायचा. दाण्यापासून पेशींचा गोळा वाढवायचा, तो मीठ घातलेल्या, जेलीसारख्या खाद्यावर ठेवायचा, आणि तिथं जो जगेल त्यातून नवी रोपं काढायची. त्यातून कदाचित मामाच्या भातापेक्षाही जास्त खारं सोसणारा भात मिळाला असता. आमच्या गाईड मॅडम सांगलीकडच्या, कडक आणि मोजकं बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, “विषय चांगला आहे. पण रोपं निघाली नाहीत तर सबमिशन नाही, आणि सबमिशन नाही तर डिग्री नाही. बघ बाई.”

मी बघितलं. दुसरं काही बघितलंच नाही त्या पावसाळ्यात. पेशींची वाढ ज्या खोलीत होते तिला आम्ही कल्चर रूम म्हणायचो. गार, कोरडी, ट्यूबलाइटच्या उजेडानं भरलेली खोली, आणि रॅकवर जॅमच्या बाटल्या ओळीनं. बाहेर पाऊस कोसळत असताना त्या खोलीत वेळ कुठली हे कळायचं नाही. बाटलीच्या तळाशी भिजवलेल्या साबुदाण्यासारखा पिवळट गोळा वाढायचा. मीठ घातलं की बहुतेक गोळे तपकिरी पडून मरायचे. मी रोज जाऊन मेलेले बाजूला काढायचे आणि जिवंत राहिलेल्यांकडे टक लावून बसायचे. माझ्या शेजारचं टेबल नाझियाचं. ती उरणची, तिचा विषय केळी, आणि तिच्या बाटल्यांत केळीची गुटगुटीत बाळं सटासट फुटत होती. ती म्हणायची, “तुझा भात बघून ना, मला टेन्शन येतं. कसला रडका आहे तो!” मी चिडायचे. पण भाद्रपद संपता संपता माझ्या काही बाटल्यांत, मिठाच्या खाद्यावर, पिवळ्या गोळ्यावर हिरवा ठिपका आला. मग त्या ठिपक्याला टोक फुटलं. मी कॉरिडॉरमध्ये नाझियाला मिठी मारून एवढी ओरडले की खालच्या मजल्यावरचे सर वर बघायला आले.

घरी जाऊन बाबांना फोटो दाखवला. बाटलीत केसाएवढं हिरवं पातं. बाबांनी चष्मा वर केला, मोबाईल लांब धरला, जवळ धरला. “हा आपल्या मामाचा राता?” मी म्हटलं, हो. “बाटलीत?” हो. त्यांनी बोटांनी फोटो मोठा केला. मग आईला म्हणाले, “अगो, पोरगी भात पिकवते.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला त्या क्षणी डिग्री मिळाल्यासारखं वाटलं, हे मी लपवून ठेवत नाही.

तिथंच सगळं थांबलं असतं तर बरं झालं असतं.

मॅडमच्या गावाकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा होते, म्हणून आमच्या विभागातही ती व्हायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी. एरवी ‘निर्जंतुक, निर्जंतुक’ म्हणून आमचा जीव घेणाऱ्या मॅडम त्या दिवशी नऊवारी नेसून यायच्या आणि नळ्या गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजला हळदकुंकू लावायच्या. बाटल्या उकळण्याच्या मोठ्या कुकरला झेंडूचा हार पडायचा. पण एक नियम पक्का होता. सगळं बाहेरच्या प्रयोगशाळेत. कल्चर रूमच्या आत फूल नाही, पान नाही, अगरबत्ती नाही. त्या वर्षी मॅडम म्हणाल्या की घरच्यांनाही बोलवा, मुलं काय काम करतात ते बघू दे त्यांना. मी बाबांना सहज सांगितलं. ते येतील असं मला वाटलंच नव्हतं. त्यांनी माझ्या शाळेतसुद्धा कधी पाय ठेवला नव्हता.

ते आले. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, हातात कापडी पिशवी. सगळ्या यंत्रांकडे त्यांनी एखाद्याच्या नव्या घरात गेल्यासारखं बघितलं. मॅडमना नमस्कार केला. मी पेढे वाटत होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, “तुझं काम कंच्या मशीनवर चालतं?” मी म्हटलं, माझं मशीन नाही, माझ्या बाटल्या आत आहेत, त्या खोलीत. मी हातानं दार दाखवलं आणि पेढ्यांचा डबा घेऊन पुढे गेले. थोड्या वेळानं बघते तर बाबा कल्चर रूमच्या दाराशी उभे राहून चपला घालत होते. चेहरा एकदम प्रसन्न. “झालं,” म्हणाले. मला वाटलं, आत जाऊन हात जोडून आले असतील. चपला बाहेर काढल्या हे बघून मला उलट कौतुकच वाटलं.

मग सुट्ट्या लागल्या. परत आलो तेव्हा बाहेर ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं. काही दिवस सगळं ठीक दिसलं. आणि एका सकाळी नाझियानं मला हाक मारली, नेहमीच्या आवाजात नाही. “ए, इकडे ये. हे बघ ना. रांगेत आलंय.”

बाटलीतल्या खाद्यावर पांढऱ्या बुरशीचे ठिपके होते. बुरशी आम्हाला नवी नव्हती, ती अधूनमधून येतेच. पण ती कुठंही येते, पसरते. ही मात्र एकामागून एक, नीट ओळीनं, बाटलीच्या कडेपासून गोळ्यापर्यंत आलेली होती. कोणीतरी चालत गेल्यासारखी. दुसऱ्या बाटलीत तेच. तिसऱ्या रॅकवर तेच. मॅडमनी एक बाटली उघडून सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि बराच वेळ मान वर केली नाही. “माइट्स,” त्या हळूच म्हणाल्या. डोळ्यांना न दिसणारे आठ पायांचे जीव. ते शेतातल्या पिकावर, वाळलेल्या फुलापानांत राहतात, बुरशी खातात, आणि पायांना बुरशी लावून झाकणाच्या फटीतून एका बाटलीतून दुसरीत फिरतात. एकदा कल्चर रूममध्ये शिरले की संपलं. मॅडमनी विचारलं, आत काय आणलं होतं कोणी? कोणी काही आणलं नव्हतं. आम्ही रॅक पुढे ओढले. माझ्या रॅकच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे, कामात अडथळा येणार नाही अशा बेतानं, सुतळीची घट्ट गाठ मारून नवं बांधलेलं होतं. मामाच्या खारातल्या रात्याच्या लालसर लोंब्या, सुकलेला झेंडू, कुरडूची फुलं. आत ट्यूबलाइट चोवीस तास चालू असल्यामुळे झेंडू छान वाळला होता.

“हे काय आहे?” मॅडमनी विचारलं.

“नवं,” मी म्हटलं. “माझ्या बाबांनी बांधलंय.”

मॅडमना नवं माहीत नव्हतं. सांगावं लागलं. दाराला बांधतात, अवजाराला बांधतात, ज्याच्या जिवावर घर चालतं त्याला बांधतात, असं मी त्या सगळ्यांसमोर, हातमोजे घालून, सुकलेली जुडी चिमट्यात धरून सांगितलं. मला लाज वाटत होती, राग येत होता, आणि त्या लोंब्या इतक्या टपोऱ्या होत्या की रडूही येत होतं. शेतातल्या भातानं माझ्या बाटलीतला तोच भात मारला होता. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, “सगळं उकळून टाका. दोघींचं.” दोघींचं, कारण नाझियाची केळीही गेली होती. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. ती कपाळाला हात लावून स्टुलावर बसली आणि म्हणाली, “जाऊ दे. तुझ्या अब्बांनी दुवाच केली ना. जरा जास्तच पोचली.” मग ती हसली आणि मी रडले, आणि नंतर उलटं झालं.

मी घरी जाऊन स्फोट केला. बाबा खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले होते. मी म्हटलं, “बाबा, तुमच्या नव्यानं माझा सगळा भात मेला.” त्यांना वाटलं मी चेष्टा करते. मी माइट्स सांगितले, बुरशी सांगितली, पाय सांगितले. त्यांनी ऐकून घेतलं.

“पन तो बी राता, यो बी राता,” ते म्हणाले. “भाऊ भावाला कसा मारंल?”

आमच्या गावठाणात जमिनीच्या पैशांवरून किती सख्ख्या भावांनी एकमेकांना कोर्टात खेचलं आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी तो विषय काढला नाही.  बाबांनी विचारलं, “आता काय व्हनार?” मी सांगितलं, परत करायचं, नाहीतर विषय बदलायचा. मॅडमनी दुसरा विषय सुचवलाही होता. कॉम्प्युटरवर बसून लोकांनी आधीच गोळा केलेली माहिती तपासायची. त्यात काही कुजत नाही, काही मरत नाही. नाझियानं तो घेतला आणि ती वेळेत सुटली. मी घेतला नाही. मॅडमनी कारण विचारलं तर मी काहीतरी शास्त्रीय सांगितलं. खरं कारण एवढंच की मला तोच भात हवा होता. मी ते हिरवं पातं बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा कोणाला न सांगता उरणला गेले आणि रात्याचं बी घेऊन आले. ते त्यांनी मला हातात दिलं नाही. डायनिंग टेबलावर ठेवलं, आणि स्वतः दोन हात मागे होऊन उभे राहिले. “साबनानं धुवून घे,” म्हणाले. “मी हात नाय लावला, मामानं भरलंय.” मला त्यांचा राग येत होता, पण तो काढता येईना, म्हणून आणखी चिडचिड झाली.

तो हिवाळा मी चिडूनच काढला. बॅच पुढे गेली, फेअरवेल झाला, सगळ्यांनी साड्या नेसून फोटो टाकले, आणि मी ब्लीचच्या वासात दाणे धुवत बसले होते. कल्चर रूमला दोनदा धुरी दिली. पहिल्या वर्षाच्या मुली यायच्या आणि माझ्याकडे बोट दाखवून एकमेकींना काहीतरी सांगायच्या. काय ते मला कळायचं. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, “उगवला?” आणि मी रोज म्हणायचे, “तो असा उगवत नाही बाबा.” पुन्हा साबुदाणा, पुन्हा मीठ, पुन्हा तपकिरी मरण. आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा हिरवा ठिपका. या वेळी मी ओरडले नाही. घरीही फोटो दाखवला नाही. पातं नीट उंच होऊन बाटलीच्या झाकणाला टेकलं तेव्हा सांगितलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर भले होते. त्यांनी बाटली उजेडात धरली, मुळं बघितली, शाबास म्हणाले. मग विचारलं, “आता ही रोपं लावणार कुठे?” मी म्हटलं, सर, खारात. “तुमच्या मामांचा खार आहे ना, बियाणं जिथून आणलंत?” मी म्हटलं, होता. त्याच उन्हाळ्यात मामाच्या दोन्ही बाजूंना कंटेनर ठेवायला भराव पडला होता, पाण्याला वाट राहिली नव्हती, आणि मामानं कंटाळून आपलाही तुकडा भरावाला दिला होता.  सर म्हणाले, “ठीक. हे फ्यूचर स्कोपमध्ये घाला.” आमच्या प्रत्येक प्रबंधाच्या शेवटी फ्यूचर स्कोप नावाचं एक पान असतं. ज्याचं काहीच होणार नाही ते सगळं तिथं लिहितात. मी खारं सोसणारा भात काढला आणि त्याला उभं राहायला खार नाही, यावर मला डिस्टिंक्शन मिळालं. तिथून मी सरळ ऐरोलीला लागले. आता औषधांमुळे कुणाला पुरळ उठलं, कुणाला चक्कर आली, हे दिवसभर नोंदवते. पुरळाची नोंद करताना स्वतःची मान खाजवते.

नव्या बॅचला रॅक हवे होते, म्हणून रोपं मला घरी न्यावी लागली. बाबांनी गच्चीवर निळे ड्रम अर्धे कापून ठेवले होते. त्यात भरायला त्यांनी मामाच्या खारातला, भरावाखाली जायच्या आधीचा चिखल टेम्पोनं आणला होता. ज्या माणसानं मुलीच्या पायाला चिखल लागू नये म्हणून जन्म घालवला, त्यानं तो चार मजले वर चढवला. रोपं लागली, पावसाळ्यात वाढली, लोंब्याही आल्या. तेव्हापासून दर वर्षी ते त्याच बियाचा भात लावतात. बिल्डिंगमधले लोक वर येऊन बघतात आणि मला विचारतात की डास होत नाहीत ना.

फक्त एक गोष्ट मला सतावत राहिली. भात पोसायचा नाही. पात्यांची टोकं जळायची, लोंबीत निम्मे दाणे पोकळ. मी एवढी शिकलेली, पण मला काही कळेना. गच्चीचं ऊन, नळाच्या पाण्यातलं औषध, ड्रमचं प्लॅस्टिक, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. बाबा म्हणायचे, “व्हतं तसं. गच्चीवर जगतंय तेच नशीब.”

परवा रविवारी, स्टेशनावरून ती जुडीवाली बाई चुकवून घरी आले आणि वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेले. बाबा ड्रमपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी पाण्यात बोट बुडवलं, चाखलं, तोंड वाकडं केलं, आणि बाजूच्या पोत्यातून जाड्या मिठाची मूठ भरली.

“बाबा! काय करताय?”

“पानी अळनी हाय,” ते म्हणाले. “पावसानं सगलं गोडं करून टाकलं.”

“तुम्ही मीठ घालता? दर वर्षी?”

“मंग? खाऱ्यातला भात हाय तो. गोड्या पान्यात त्याला कसं करमंल?”

माझा ताबा सुटला. एवढ्या वर्षांचं सगळं एकदम वर आलं, ते नवं, त्या बाटल्या, ती फेअरवेलची संध्याकाळ. मी ओरडलेच. “बाबा, त्याला मीठ आवडत नाही! कुठल्याच भाताला आवडत नाही. हा फक्त सोसतो. बाकीचे मरतात आणि हा सोसतो, एवढाच काय तो फरक. माझा अख्खा प्रबंध त्याच्यावर आहे. गोडं पाणी मिळालं असतं तर हाही इतर भातासारखा भरला असता!”

बाबांची मूठ तशीच हवेत राहिली.

“सोसतो?”

“हो.”

“म्हंजे त्याला ते मानवत नव्हतं?”

“नाही बाबा. कधीच नाही.”

त्यांनी मुठीकडे बघितलं. मग भाताकडे. मग गच्चीच्या कठड्यापलीकडे, जिथं त्यांच्या लहानपणी खाचरं होती आणि आता टॉवर आहेत. माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. मी नुसती कपड्यांचा गठ्ठा पोटाशी धरून उभी होते.

“आमी पिढ्यान्‌पिढ्या त्याला खाऱ्यातच लावला,” ते म्हणाले. “उभा ऱ्हायचा ना तो. आमाला वाटलं, त्याला तेच लागतंय. कुनी इचारलंच नाय.”

मीठ त्यांनी परत पोत्यात टाकलं आणि हात पँटीला पुसला. मग ड्रमच्या तळाशी लावलेलं बूच काढलं. खारट पाणी गच्चीवरून पन्हळीकडे धावलं आणि खालून आई ओरडली की गच्चीत काय फुटलं.  सगळं पाणी गेल्यावर बाबांनी बूच लावलं, नळी ड्रममध्ये सोडली आणि मला खूण केली. मी नळ उघडला. पाणी भाताच्या बुंध्याला लागलं, वर चढलं, कडेपर्यंत आलं. मी नळ बंद करायला वळले.

“ऱ्हाऊ दे चालू,” बाबा म्हणाले. “एकदा तरी पोटभर पिऊ दे त्याला.”